परदेशी चाकांना बंदी

९ फेब्रुवारी

आज सकाळी पैलवानाने माझ्या टेबलावरची काच मुठीने फोडली. एकच ठोसा. काचेखालचे कागद लाल झाले आणि तो स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

पैलवान म्हणजे आमच्या कारखान्यातला, साच्यात माल दाबायच्या प्रेसवरचा माणूस. आज त्याला आणि आणखी अठरा जणांना मी सांगितलं की उद्यापासून काम नाही.

"बाई, चौदा वर्षं ह्या हातांनी दाब दिलाय. आता कुणाचा गळा दाबू?"

मी उठले. पेटीतून पट्टी काढली, चिमट्याने त्याच्या बोटांतल्या काचा उपसल्या. एवढा धिप्पाड माणूस, पण इंजेक्शनला बसवलेल्या पोरासारखा मान वळवून बसला होता. जाताना म्हणाला, "काचेचे पगारातून कापा." कुठल्या पगारातून, हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

आम्ही ग्राइंडिंगची चाकं बनवतो. लोखंड घासायची, पात्यांना धार लावायची. कठीण दगडाची भुकटी आणि माती कालवायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. वडिलांनी सुरू केलं, मी एकोणीस वर्षं चालवते आहे. तीन भट्ट्या होत्या, आता एक पेटते. कारण परदेशी चाक. ते आमच्या निम्म्या किमतीत बंदरावर उतरतं आणि दुप्पट टिकतं. यातलं पहिलं मी प्रत्येक बैठकीत ओरडून सांगते. दुसरं फक्त इथे लिहिते.

डोक्यात फार वाफ कोंडली आहे. म्हणून ही वही.

२१ फेब्रुवारी

उत्पादक संघाचं शिष्टमंडळ मंत्र्यांकडे गेलं. अध्यक्ष नट-बोल्ट बनवतात आणि बोलतातही तसेच, आवळून. त्यांनी मला पुढे बसवलं. मंत्री पेन फिरवत ऐकत होते. मी पैलवानाच्या हाताची गोष्ट सांगितली, तेव्हा पेन थांबलं.

धाकटाही आला होता. दुसऱ्या बाजूने.

धाकटा माझा सख्खा भाऊ, सात वर्षांनी लहान. ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे बनवतो. सगळा माल बाहेरच्या देशांत जातो. त्याच्या मशीनवर पहिल्यापासून परदेशी चाकं. माझं चाक त्याने एकदाच लावलं आणि काढून ठेवलं.

तो मंत्र्यांना म्हणाला, "साहेब, चाक महाग झालं की माझी कात्री महाग. चाक वाईट निघालं की कात्री वाईट. तिकडचा डॉक्टर माझी कात्री काही आपल्या देशावरच्या प्रेमाने घेत नाही."

लोक हसले. जिन्यात मी त्याला गाठलं.

"सख्ख्या बहिणीच्या विरोधात उभा राहतोस?"

"तुझ्या विरोधात नाही, ताई. बंदी आली तर तुझं चाक सुधारणार नाही. सुधारायचं कारणच संपेल."

"वडिलांच्या चाकावर वाढलास तू."

"वाढलो म्हणून तर सांगतोय. ते चाक पातं जाळतं."

मी त्याच्या थोबाडीत दिली. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या. शिपाई आ वासून बघत होता. धाकट्याने गाल चोळला, म्हणाला, "हात मात्र अजून कडक आहे तुझा," आणि जिना उतरून गेला.

४ मार्च

संघाचा मोर्चा निघाला. गेल्या आठवड्यात अध्यक्षांनी मला विचारलं होतं की परदेशी चाकं नेमकी कुठल्या गोदामात उतरतात. मी पत्ता दिला. पत्ता काही गुपित नव्हता, दारावर पाटी आहे.

दुपारी बाराच्या सुमाराला मोर्चा तिथे थांबला. व्यापारी म्हातारा आहे, जाड भिंगांचा चष्मा लावतो. एके काळी आमच्या वडिलांचा माल विकायचा. तो दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला. पैलवानाने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. हळूच केलं, मी पाहिलं. मग मागून कुणीतरी दांडा घातला. चष्मा गेला.

चाकं बाहेर आली. रस्त्यावर आपटून एकेक फोडायला सुरुवात झाली. पण ती फुटेनात. तीन-तीनदा आपटावी लागत होती, आणि त्याचाच लोकांना जास्त राग आला. म्हातारा रक्ताळलेल्या तोंडाने ओरडत होता, "अरे, असं नाही फुटत ते! चांगलं चाक आहे ते!"

"मग कसं फुटतं, दाखव," कुणीतरी म्हणालं. त्याचा हात फरशीवर दाबून धरला आणि वरून सगळ्यांत मोठं चाक सोडलं.

मी गाडीत होते. काचा वर होत्या. तरी आवाज आला.

मी हात लावला नाही. मी फक्त पत्ता दिला होता, आणि पाटी होतीच.

५ मार्च

अध्यक्षांचा फोन. "जरा जास्तच झालं. पण सगळ्या पेपरांत पहिलं पान!" मी म्हटलं, म्हाताऱ्याच्या उपचाराचं बघा. बघतो म्हणाले.

काल जेवण गेलं नाही. झोप मात्र गाढ लागली. हेही लिहून ठेवते.

२६ मार्च

बंदी आली! परदेशी चाकांवर जबर जकात, शिवाय परवान्याशिवाय एक चाकही आणायचं नाही. परवाना कुणाला मिळेल? तसलं चाक देशात बनत नाही असं देशातल्या उत्पादकाने लिहून दिलं तर. आणि उत्पादक म्हणजे कोण? मी. बाकीच्यांनी केव्हाच कुलपं लावली आहेत.

एकोणीसच्या एकोणीस जण परत आले. पैलवानाने आल्या आल्या प्रेसवरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. दुसरी भट्टी पेटवली. तिच्या तोंडाशी उभी राहून मी रडले. डोळ्यांत धूर गेला म्हणाले सगळ्यांना.

१४ मे

तिन्ही भट्ट्या चालू. दारात ट्रक थांबून राहतात. दोनदा भाव वाढवला, कुणी हूं की चूं केलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक माझ्याशी मान खाली घालून बोलतंय. गोड वाटतं. खोटं कशाला लिहू.

माल कालवायचं नवं यंत्र घ्यायचं वर्षभर मनात होतं. जुन्यात मिश्रणाच्या गुठळ्या राहतात. पण आहे तेच चाक हातोहात जातंय, तर एवढी घाई कशाला?

अडचण एकच आहे, चाचणीची खोली. आमच्याकडे प्रत्येक चाक आधी लाकडी हातोडीने वाजवतात. चांगलं चाक खणखणीत वाजतं, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. मग ते जाड लोखंडी पेटीत बंद करून दीडपट वेगाने फिरवायचं. फुटायचं असेल तर पेटीत फुटू दे, कुणाच्या तोंडावर नको. हे काम वडिलांच्या वेळेपासून काका करतात. नात्याने कुणी नाहीत, पण सगळे काकाच म्हणतात. त्यांच्या खोलीतून दिवसाला जेवढी चाकं निघतात, त्याच्या दुप्पट भट्ट्यांतून निघतायत.

"काका, दहातलं एक तपासा," मी म्हटलं.

"आणि बाकीची नऊ?"

"त्याच भट्टीतली आहेत ना ती?"

"बाई, एका आईची दहा पोरं सारखी निघतात का?"

"ट्रक उभा आहे, काका."

"रजिस्टरात काय लिहू?"

"सगळी तपासली, असं लिहा."

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं आणि हात धुवायला गेले. मीच लिहिलं. अक्षर बरं आलं.

३० जून

धाकटा आला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. खिशातून एक कात्री काढून टेबलावर ठेवली. पात्यावर निळसर डाग होता.

"बंदीनंतर बाजारातून तुझं चाक आणलं, त्यावर घासताना जळलेली जागा. इथली धार दोन ऑपरेशनांत जाते. आमचे कामगार ह्या डागाला काय म्हणतात माहितीये? ताईची सही."

मला हसू आलं. त्यालाही आलं. क्षणभर आम्ही पूर्वीसारखे बसलो होतो.

मग त्याने सांगितलं. चोवीस खोके परत आले. शिवाय ज्या देशाची चाकं आपण अडवली, त्यांनी आपल्या कात्र्यांवर जकात बसवली. "तुझ्या चाकाच्या बदल्यात माझी कात्री. भावंडांचं वजन बरोबर तोललं त्यांनी." घासणारे बारा कामगार काढावे लागले. आता तो स्वतः मशीनवर बसतो.

"एकोणीस घेतले म्हणून पेपरात आलं. बारा काढले ते कुणी छापलं नाही," तो म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढली. "ताई, एक कागद दे मला. दोन ओळी. 'हे बारीक दाण्याचं चाक आम्ही बनवत नाही.' तेवढ्यावर परवाना मिळेल."

"बनवतो आम्ही."

"ताई..."

"बनवतो. तुला चालत नाही, तो तुझा प्रश्न."

तो उठला. कात्री टेबलावरच राहिली.

सही केली असती तर काय बिघडलं असतं? एकाला दिली की दहा जण दारात येतील, असं अध्यक्ष म्हणाले असते. पण खरं कारण ते नाही. वडिलांच्या कारखान्यात हे होत नाही, असं स्वतःच्या हाताने लिहायचं माझ्या जिवावर आलं.

१७ जुलै

संघाची बैठक. चोरून आणलेली परदेशी चाकं अजून काही ठिकाणी फिरतायत, असं मी बोलले. आपल्या मेहनतीवर पाणी पडतंय म्हटलं. "कुठल्या धंद्यात?" अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, कात्र्यांच्या कामात तर नक्कीच असणार. नाव कुणाचंच घेतलं नाही.

शहरात कात्र्यांचे कारखाने दोन. एक मार्चपासून बंद आहे.

२३ जुलै

भावजयीचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. "वन्सं," एवढंच म्हणाली आणि मागे कुणीतरी विव्हळत होतं.

चोरटी चाकं शोधायला संघाने नेमलेलं पथक भरदुपारी धाकट्याच्या कारखान्यात शिरलं. दहा-बारा जण, पुढे पैलवान. फळीवर परदेशी चाकं मिळाली. ती फोडली. मग घणाने मशीन फोडायला लागले. चाकाभोवती, फुटलं तर तुकडे अडवायला, बिडाचं जाड गार्ड असतं, ते पहिल्यांदा गेलं. धाकटा आडवा आला. त्याला पाडून तुडवला. समोरचे दोन दात पडले, तीन बरगड्या मोडल्या. भावजयीने पैलवानाच्या मनगटाचा असा चावा घेतला की मांस सुटलं.

मी इस्पितळात गेले. भावजय खोलीच्या दारात उभी होती. तिच्या पदरावर रक्त होतं, कुणाचं ते कळत नव्हतं.

"वन्सं, आत येऊ नका. तुम्हाला बघून ते उठायला जातील, आणि त्यांनी उठायचं नाहीये."

ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला आभार मानावेसे वाटले. बाहेरच्या बाकावर तासभर बसून आले.

२४ जुलै

पैलवान सकाळीच समोर उभा. मनगटाला पट्टी.

"बाई, आईशप्पथ, ते तुमचे धाकटे भाऊ आहेत हे मला माहीत नव्हतं. अध्यक्षांनी नुसता पत्ता दिला."

"माहीत असतं तर काय केलं असतंस?"

तो प्रामाणिक माणूस आहे. त्याने विचार केला. "हळू मारलं असतं."

मी त्याला कामावर जा म्हटलं. त्याच्याशिवाय प्रेस अडते.

अध्यक्षांना मी खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच तर म्हणालात, कात्र्यांच्या कामात." मी फोन ठेवला. मी असं म्हटलं होतं. पण असं नव्हतं म्हटलं.

२ सप्टेंबर

धाकट्याच्या कारखान्यातून मागणीपत्र आलं. बारीक दाण्याची बारा चाकं. थेट माझ्याकडून! वर छापील 'महोदया', खाली सही. 'ताई' कुठेच नाही. दोनदा उलटून पाहिलं.

तरी बरं वाटलं. हरला म्हणून नाही. आला म्हणून.

९ सप्टेंबर

धाकट्याची चाकं भट्टीतून निघाली. मी स्वतः निवडली, स्वतः पुसली. काका म्हणाले, "बाई, दोन दिवस द्या. ह्या खेपेला माती ओली होती. पेटीत फिरवून देतो."

"दोन दिवस त्याचं मशीन थांबून राहील."

"राहू द्या की."

"आधीच तो मन मारून आलाय, काका. त्यात आता वाट बघायला लावू?"

त्यांनी हातोडी उचलली. मी म्हटलं, वाजवू नका, उशीर होतोय. रिक्षात मी स्वतः खोका ठेवला. आत एक चिठ्ठी घातली: 'पहिल्या मानाची तुला.'

१२ सप्टेंबर

धाकटा गेला.

१३ सप्टेंबर

लिहिते. लिहिलं नाही तर हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटत राहील.

सकाळी साडेदहा. नवं चाक लावून त्याने मशीन सुरू केलं. घासणारे कामगार नव्हते, म्हणून तोच बसला होता. बरगड्यांना पट्टा होता, म्हणून पुढे वाकून. बिडाचं गार्ड पथकाने फोडलं होतं, नवं यायचं होतं, तोवर पिंपाचा पत्रा कापून लावला होता. भावजय पलीकडच्या खोलीत कात्र्या कागदात गुंडाळत होती. तिला वाटलं, छप्पर कोसळलं.

चाकाचे तीन तुकडे झाले. एक छपरातून आरपार गेला. एक भिंतीत रुतला. तिसऱ्याने पत्रा कागदासारखा फाडला आणि धाकट्याचा जबडा आणि गळ्याची एक बाजू घेऊन गेला. मी पोचले तेव्हा मशीन अजून फिरत होतं, मोकळंच. कुणी बंद केलं नव्हतं. मी बंद केलं. बटण चिकट होतं.

भिंतीतल्या तुकड्यावर आमच्या कारखान्याचा अर्धा शिक्का दिसतो.

भावजय त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जे उरलं होतं ते. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी चिठ्ठी वाचून हसला होता सकाळी."

नऊ वर्षांत ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली.

२० सप्टेंबर

अध्यक्ष वकिलाला घेऊन आले. चौकशी होणार आहे. कारखाना निरीक्षक सगळ्यांचे जबाब घेणार.

"सरळ केस आहे," वकील म्हणाले. "मशीनला गार्ड नव्हतं. पत्रा लावला होता. चूक वापरणाऱ्याची."

"वापरणारा माझा भाऊ होता."

"म्हणूनच तुमच्या तोंडून आलं की वजन येईल."

अध्यक्षांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बाई, गेलेला माणूस परत येत नाही. पण चाकाला दोष लागला तर उद्या बंदी उठेल. साठ घरं तुमच्या जिभेवर आहेत."

मी हो म्हटलं. गार्ड नव्हतं हे खरंच आहे. मी काही खोटं सांगणार नाहीये.

२४ सप्टेंबर

सकाळी कारखान्यात शिरले तर चाचणीच्या खोलीतून दणका ऐकू आला. मग दुसरा. काकांनी कडी लावून घेतली होती. मी दार ठोठावलं, उघडलं नाही. खिडकीतून पाहिलं. ज्या खेपेतली चाकं धाकट्याला गेली, तिच्यातली उरलेली चाळीस त्यांनी रचून ठेवली होती आणि एकेक पेटीत लावत होते.

मी खिडकीशी उभी राहिले. हळूहळू मागे सगळे जमा झाले. प्रेस थांबली.  पेटी घूं घूं करत वेग घ्यायची, आणि मग एक तर हळूहळू थांबायची, नाही तर आतून असा तडाखा बसायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. प्रत्येक तडाख्याला पैलवान डोळे मिटायचा.

चाळीसपैकी अकरा फुटली.

काका बाहेर आले. हातभर धूळ. मला वाटलं बोलतील, शिव्या देतील. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, भिंतीवरची पिशवी काढली आणि घरी गेले.

मी हिशोब करत राहिले की मे महिन्यापासून किती चाकं बाहेर गेली. शेवट लागेना. किती टेबलांवर, किती तोंडांपुढे आत्ता ती फिरत असतील.

२८ सप्टेंबर

जबाब झाला.

निरीक्षक तरुण बाई होत्या. रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, "हे चाक तपासलं होतं, असं इथे लिहिलंय. बरोबर?"

वकिलाने मान डोलावली. भावजय समोरच्या बाकावर होती. मी तिच्याकडे बघत नव्हते. मी माझं अक्षर बघत होते.

"लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हटलं. "मी लिहिलंय. दहातलं एकच तपासत होतो. ह्याच्या खेपेतलं एकही नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच."

मग सगळंच सांगितलं. माती, गुठळ्या, भाव, अडवून ठेवलेला परवाना. गोदामाचा पत्ता. अध्यक्ष उठून उभे राहिले, "बाईंची मनःस्थिती ठीक नाही," म्हणाले. निरीक्षक बाईंनी त्यांना बसवलं.

संध्याकाळपर्यंत कारखान्याला सील. बाजारात गेलेलं प्रत्येक चाक परत मागवण्याचा हुकूम.

११ ऑक्टोबर, इस्पितळ

एका डोळ्याने लिहिते आहे. दुसरा उघडतो का ते पुढच्या आठवड्यात कळेल. गळपट्टीचं हाड मोडलंय.

तीन तारखेला मी सील झालेल्या दारापाशी गेले होते. कामगारांना सांगायला की जे काही विकता येईल ते विकून सगळ्यांचं देणं देईन. चाळीसेक आमचे होते, बाकी पथकातले. अध्यक्षांची गाडी कोपऱ्यावर उभी होती. काचा वर होत्या.

पैलवान पुढे आला. रडत होता. रडताना तो फार मोठा दिसतो.

"बाई, तुम्ही बोलला नसता तर? ते तर गेलेच होते ना? आम्ही जिवंत आहोत! आम्ही साठ जण जिवंत आहोत ना, बाई!"

  मी एवढंच म्हटलं, "मशीनवर बसतात तेही जिवंत आहेत रे."

पहिला ठोसा त्याचाच. मग कुणाचे ते मोजले नाहीत. खाली पडल्यावर दिसत होतं की कुलूप तोडलं, घण आत गेले, भट्ट्यांच्या विटा पडायला लागल्या. ज्यांनी त्या रचल्या त्यांनीच पाडल्या. काका कुठून आले माहीत नाही. म्हातारा माणूस माझ्यावर पालथा पडला आणि मधल्या लाथा त्यांनी घेतल्या. ते दोन खाटा सोडून पलीकडे आहेत. आज पेज प्यायले.

पैलवानाला अटक झाली. तपास करणाऱ्याला मी म्हटलं, अध्यक्षांचंही नाव लिहा. आणि गोदामाच्या वेळचं माझंही.

३० ऑक्टोबर

भावजय आली.

मी उठायला गेले, जमलं नाही. ती खुर्ची ओढून बसली. मांडीवर कागदाची गुंडाळी होती. 

"एकच विचारायला आलेय, वन्सं. काकांनी थांबा म्हटलं होतं?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

गेल्या दीड महिन्यात मी या प्रश्नाची शंभर उत्तरं तयार केली होती. घाई होती. दहातलं एक. गार्ड नव्हतं. मी प्रेमाने पाठवली.

"हो," मी म्हटलं. "वाजवू नका म्हणाले मी. बद्द वाजलं असतं तर पाठवता आलं नसतं."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, ही आता मारेल, आणि बरं होईल. तिने मारलं नाही. गुंडाळी उलगडून माझ्या पांघरुणावर ठेवली. सरकारी कागद होता. परदेशी चाकं आणायचा परवाना, धाकट्याच्या कारखान्याच्या नावाने, खाली मालक म्हणून तिचं नाव.

"हा कसा मिळाला?" मी विचारलं. "उत्पादकाचं पत्र लागतं ना?"

"नाही लागलं. मी अर्ज केला. ते म्हणाले, देशात आता ही चाकं बनवणारं कुणी उरलंच नाही."

ती उठली. कागद गुंडाळला, नीट, कोपरे जुळवून.

"सोमवारी मशीन सुरू करतेय. काढलेल्या बारांपैकी सात जण यायला तयार आहेत. बाकीच्यांनी दुसरीकडे काम धरलं." दाराशी थांबली. "तुमच्याकडचे चार जण येऊन विचारून गेले. घेऊ का?"

"प्रेसवरचे असतील तर नको. त्यांना बारीक काम जमत नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "घे. शिकतील."

"बघते," ती म्हणाली आणि गेली.

ती पुन्हा येईल असं वाटत नाही. यायला सांगायचं धाडसही मला झालं नाही.

नर्स औषध द्यायला आली, म्हणाली, कोण होत्या त्या, अगदी पाच मिनिटांत गेल्या. मी म्हटलं, माझ्या भावाचा कारखाना चालवतात.